लंडनहून एका दिवसात सीफर्ड ते ईस्टबोर्न: मित्रमंडळींसोबत पांढऱ्या कड्यांवरून

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्स कड्यांना जायचं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पहिला प्रश्न बुटांचा येतो आणि दुसरा डब्याचा. दोन्ही महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण आठ-दहा जणांचा दिवस त्यांच्यामुळे बिघडत नाही. तो बिघडतो दुपारी दोनच्या सुमाराला. निम्मे लोक अजून फोटोत अडकलेले असतात, दोघांचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतात आणि पुढे किती चालायचं राहिलंय हे कुणालाच धड माहीत नसतं. वाट तशी सोपी आहे. उजव्या हाताला सतत समुद्र असल्यामुळे रस्ता चुकायला फारशी जागाच नाही. सांभाळायचं ते घड्याळ आणि कड्याची कड.

वाट कुठली, केवढी

ईस्ट ससेक्समधल्या सीफर्ड या छोट्या गावातून निघायचं, खडूचे पांढरे कडे उजवीकडे ठेवत पूर्वेला चालायचं आणि ईस्टबोर्नला उतरायचं. अंतर सुमारे २२ किलोमीटर. वाटेत कक्मियर नदी आडवी येते, ती एक्सीट नावाच्या जागी पुलावरून ओलांडायची. पलीकडे सेव्हन सिस्टर्सच्या टेकड्या, मग बर्लिंग गॅप, बेल टूटचं जुनं दीपगृह, बीची हेडचा उंच कडा आणि शेवटी शहर. नदीच्या पुढचा भाग म्हणजे विंचेस्टरहून येणाऱ्या साउथ डाउन्स वे या १६० किलोमीटरच्या पायवाटेचा शेवटचा तुकडा. त्यामुळे तिथून पुढे खांबांवर ओकच्या फळाची खूण दिसत राहते.

एकूण चढ सहाशे मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे साधारण सिंहगड पायथ्यापासून चढण्याइतका, फक्त एकदम नाही तर दहा-बारा हप्त्यांत. सह्याद्रीत फिरलेल्यांना एकेक चढ किरकोळ वाटतो आणि तिथेच हिशेब चुकतो. सातव्या टेकडीवर पोटऱ्या बोलायला लागतात, आणि बीची हेड त्यानंतर यायचा असतो.

पश्चिमेकडून पूर्वेला जा. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो, तो पाठीशी राहतो. दुपारनंतर ऊन मागून येतं, त्यामुळे फोटोही बरे येतात. पण खरं कारण शेवटाचं आहे. ईस्टबोर्न मोठं गाव आहे, तिथे खायला-प्यायला मिळतं आणि लंडनची थेट गाडी असते. दिवसभर चालून सीफर्डच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दिवस मोठा असतो, गवत हिरवं असतं, डोक्यावर चंडोल गात असतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे उशीर झाला तरी अंधाराची भीती नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन. ऊन म्हटल्यावर इंग्लंडचं ऊन ते काय, असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. सीफर्ड सोडल्यावर या वाटेवर सावलीला झाड जवळपास नाही, आणि वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही. मान आणि कानांची टोकं संध्याकाळी लाल होतात तेव्हा कळतं. सप्टेंबर-ऑक्टोबर छान. डिसेंबरात चारच्या सुमारालाच सूर्य बुडतो, तेव्हा पूर्ण वाटेचा हट्ट न धरता अर्धीच करा.

हवामान बघताना बहुतेक जण पाऊस बघतात. इथे आधी वारा बघायचा. मेट ऑफिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या अंदाजात झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो. तो ताशी चाळीस मैलांच्या वर दिसला तर मी कड्यावरचा बेत रद्द करते आणि मंडळींना एक्सीटजवळच्या फ्रिस्टनच्या जंगलात नेते. पाऊस हलका असेल तर जायला हरकत नाही, पण भिजलेला खडू पायाखाली साबणासारखा निसटतो. उतारावर वाटेच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याऐवजी बाजूच्या गवतावरून उतरावं.

गाडी आणि तिकीट

लंडन व्हिक्टोरियाहून निघून लूइसला गाडी बदलायची. सीफर्डला पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागतात. परत येताना ईस्टबोर्नहून व्हिक्टोरियाची थेट गाडी, तीही साधारण दीड तासाची. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र प्रवास करत असतील तर ग्रुपसेव्ह नावाची सवलत मिळते, गर्दीच्या वेळा सोडून एक-तृतीयांश भाडं कमी. दोघंच असाल तर ही सवलत नाही. जाताना एक स्टेशन आणि येताना दुसरं, त्यामुळे कुठलं तिकीट घेतलं म्हणजे दोन्हीकडे चालेल हे खिडकीवर सरळ विचारून घ्यावं. अ‍ॅपवर घाईत घेतलेल्या तिकिटावरून संध्याकाळी तिकीट तपासनिसाशी वाद घालण्यात मजा नाही.

रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते. म्हणून दोन दिवस आधी वेळापत्रक पुन्हा बघा. शक्यतो शनिवार धरा. सीफर्डला साडेनऊपर्यंत पाय लागले पाहिजेत. म्हणजे व्हिक्टोरियाला आठच्या आत. जो ‘मी थेट गाडीतच भेटतो’ म्हणतो त्याच्यासाठी गाडी सोडायची नाही, हे आदल्या रात्री प्रेमाने सांगून ठेवा. तो बसने एक्सीटला येऊन गाठू शकतो.

बरोबर कोण, आणि कोणी काय करायचं

सहा ते आठ जण हा उत्तम आकडा. दहाच्या वर गेलं की प्रत्येक फाटकापाशी थांबून माणसं मोजण्यात वेळ जातो. सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला एक आणि सगळ्यांत मागे न कंटाळणारा एक, एवढी वाटणी पुरते. मागच्याच्या पुढेच सगळ्यांनी राहायचं. पुढच्याने प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर थांबायचं, आणि मागचा पोहोचल्यावर लगेच निघायचं नाही. दमून येणाऱ्याला श्वास घ्यायच्या आधीच ‘चला’ ऐकू आलं की त्याचा दिवस तिथेच संपतो.

वेगाचा हिशेब गटातल्या सगळ्यांत हळू माणसावरून करा. फोटो, पाणी, मेंढ्या, गप्पा सगळं धरून मित्रमंडळी तासाला तीन किलोमीटर चालतात. २२ किलोमीटरला सात-साडेसात तास, वर जेवणाचा पाऊण तास. या हिशेबाने साडेनऊला निघालेला गट सहाच्या सुमाराला ईस्टबोर्नच्या स्टेशनवर असतो.

सोडून जायच्या दोन जागा आधीच सगळ्यांना सांगून ठेवाव्यात: एक्सीट आणि बर्लिंग गॅप. एक्सीटला सीफर्ड आणि ईस्टबोर्न दोन्हीकडच्या बस वरचेवर मिळतात. बर्लिंग गॅपला १३एक्स नंबरची बस येते, पण तिचे दिवस आणि फेऱ्या हंगामानुसार बदलतात, म्हणून त्या दिवसाचं वेळापत्रक फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बर्लिंग गॅपनंतर मात्र सोडायचं म्हणजे बीची हेडला चढूनच सोडावं लागतं. ज्याला शंका असेल त्याने तिथेच ठरवायचं. ‘बघू पुढे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

डबा, पाणी, बूट

बूट रुळलेले हवेत. ट्रेकिंगचेच हवेत असं नाही, कोरड्या दिवशी चांगल्या पकडीचे धावायचे बूटही चालतात. नवे बूट या दिवशी काढू नका. गवतात सशांची बिळं आहेत, बोलता बोलता पाय त्यात गेला की घोटा मुरगळतो. उंच गवतात गोचीड असतात, म्हणून लांब पँट आणि घरी गेल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांची मागची बाजू तपासणं.

पाणी माणशी दोन लिटर. एक्सीटला आणि बर्लिंग गॅपला बाटल्या भरता येतात, मध्ये कुठेही नाही.

डब्यात असं न्यावं जे एका हातात धरून, वाऱ्याकडे पाठ करून खाता येईल. मेथीचे पराठे किंवा दशम्या, आत लसणाची चटणी पसरून घट्ट गुंडाळी आणि त्यावर फॉइल. तिखटामिठाच्या पुऱ्या छान टिकतात. बटाट्याची भाजी वेगळ्या डब्यात नेली की चमचा, ताटली, हात पुसायला कागद आणि तो कागद धरायला अजून एक माणूस लागतो. पातळ पोह्यांचा चिवडा मी बंद केला. डबा उघडल्याबरोबर निम्मे पोहे उडून जातात आणि उरलेले सीगल बघतात. त्याऐवजी भडंग कागदाच्या पुडीत बांधून माणशी एक द्यावा, पुडीचं तोंड मुठीत धरून खाता येतं. गोडाला शेंगदाण्याची चिक्की किंवा डिंकाचे लाडू. दुपारी अडीचला सातव्या टेकडीवर डिंकाच्या लाडवाची किंमत कळते. चहा थर्मासमध्ये असला तर उत्तम, पण बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कॅफे आहे. ते संध्याकाळी लवकर बंद होतं.

याशिवाय वारा अडवणारं जाकीट, उन्हाचं क्रीम, पट्टा असलेली टोपी, पट्टी आणि चिकटपट्टी, फोनसाठी पॉवर बँक. छापील नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २५. फोनबद्दल एक गंमत. या कड्यांवर कधी कधी फोन समुद्रापलीकडचं फ्रान्सचं नेटवर्क पकडतो. ‘फ्रान्समध्ये आपलं स्वागत’ असा मेसेज येतो तोवर ठीक, पण घड्याळही एक तास पुढे जातं आणि बसचा सगळा हिशेब कोलमडतो. सकाळीच रोमिंग बंद करून टाका, आणि एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

कड्याची कड

हा भाग गाडीत बसल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.

हा दगड म्हणजे खरोखरचा खडू आहे. साडेआठ कोटी वर्षांच्या आसपास उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे कवच साचत गेले आणि त्यांचा हा थर झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हा त्याच्याहूनही जुना. पण कातळाचा टणकपणा त्याच्यात अजिबात नाही. खालून लाटा पोखरतात, वरून पावसाचं पाणी भेगांत शिरतं, थंडीत ते गोठून फुगतं, आणि एक दिवस कड्याचा अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो. कोरड्या, शांत दिवशीसुद्धा येतो. गेल्या दीडशे वर्षांत इथला किनारा वर्षाला सरासरी २२ ते ३२ सेंटिमीटर मागे सरकला आहे, पण तो दरवर्षी थोडा थोडा सरकत नाही. दहा वर्षं काहीच होत नाही आणि मग एका रात्रीत काही मीटर जातात.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की वरून काही कळत नाही. तुम्ही उभे आहात ते हिरवं गवत सपाट आणि घट्ट दिसतं, पण त्याच्याखालचा खडू लाटांनी खाऊन टाकलेला असू शकतो. शेजारच्या टेकडीवरून मागे वळून बघितलं की दिसतं, आपण मघाशी जिथे उभे होतो तिथे खाली आधारच नव्हता. बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. कुंपण घातलं तर ते काही वर्षांत खाली जाईल.

म्हणून नियम थोडे आणि ठाम ठेवा. कडेपासून किमान दहा पावलं आत. कडेला समांतर भेग दिसली तर तिच्याही दहा पावलं आत. उडी मारतानाचा फोटो नाही, पाय खाली सोडून बसायचं नाही, पाठ समुद्राकडे करून मागे सरकत सेल्फी नाही. २०१७च्या जूनमध्ये उडीच्या फोटोसाठी कडेजवळ गेलेली एक परदेशी विद्यार्थिनी इथून पडून गेली. उडालेल्या टोपीमागे जायचं नाही. टोपी दहा पौंडांची असते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात धरणारा माणूस नेहमी समुद्राच्या बाजूला. कुत्रा असेल तर पट्ट्याला, कारण सीगलच्या मागे धावणाऱ्या कुत्र्याला कडा दिसत नाही, आणि शिवाय मेंढ्या चरत असतात.

खालून चालणं हा दुसरा मोह. ओहोटीच्या वेळी कड्यांच्या पायथ्याची वाळू-गोटे मोकळे दिसतात आणि वाटतं, चढ-उतार कशाला, खालूनच जाऊ. कक्मियरच्या मुखापासून बर्लिंग गॅपपर्यंत वर यायला मध्ये एकही वाट नाही. भरती चढली की पाणी कड्याला टेकतं. वरून दगड पडण्याचा धोका वेगळाच. हा मोह टाळा.

कुणी पडलं, अडकलं किंवा खालून हाका ऐकू आल्या तर वाकून बघायला जाऊ नका. ९९९ लावायचा आणि कोस्टगार्ड मागायचा. बीची हेडवर एकटं, अस्वस्थ माणूस दिसलं तर आपण चार क्षण थांबून बोलावं आणि हाच नंबर लावावा. तिथे मदतीसाठी स्वयंसेवक गस्त घालत असतात.

सीफर्ड ते कक्मियर: पहिले सात किलोमीटर

स्टेशनवरून दहा मिनिटांत समुद्र. डावीकडे वळून किनाऱ्यावरच्या रस्त्याने चालू लागा. वाटेत गोल, जाड भिंतींचा मार्टेलो टॉवर दिसतो. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने किनाऱ्यावर बांधलेल्या बुरुजांच्या माळेतला हा ७४ नंबरचा, म्हणजे शेवटचा. आता त्यात गावाचं संग्रहालय आहे. स्वच्छतागृह वापरायचं असेल तर गाव सोडायच्या आत, पुढचं थेट एक्सीटला.

किनाऱ्याचा रस्ता संपतो तिथे, स्प्लॅश पॉइंटला, वसंतात कड्याच्या खोबणींत किटीवेक नावाच्या छोट्या सीगलची वसाहत असते. कलकलाट आधी ऐकू येतो आणि मग पांढरे ठिपके दिसतात. दुर्बीण असेल तर पाच मिनिटं द्या, त्याहून जास्त नको, चढ समोर उभा आहे.

सीफर्ड हेडचा हा पहिला चढ अंग गरम करतो. डावीकडे गोल्फचं मैदान, तेव्हा चेंडूकडेही लक्ष असू द्या. माथ्यावरून पुढे उतरताना समोर एकदम सातही बहिणी ओळीने दिसतात. होप गॅपपाशी समुद्रावर उतरायच्या पायऱ्या आहेत. त्या उघड्या असल्या आणि ओहोटी असली तरच उतरा, आणि वेळ हातात असेल तर. माझ्या मते इथे न उतरलेलं बरं, तो अर्धा तास पुढे उपयोगी पडतो.

पुढे तटरक्षकांच्या जुन्या घरांपाशी या. समोर ती घरं, मागे पांढरे कडे, हेच ते कॅलेंडरवरचं चित्र. गटाचा फोटो इथेच काढा. जागा सुरक्षित आहे आणि अख्खी रांग मागे येते. साडेअकरापर्यंत इथे पोहोचलात तर दिवस तुमच्या बाजूने आहे.

एक्सीट: पहिला निर्णय

नदीच्या मुखावर पूल नाही. पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि ओहोटीला पँट वर करून जाणारे काही जणही दिसतील. प्रवाह जोरदार असतो आणि तळ चिखलाचा. त्यांच्या मागे जाऊ नका. नदीच्या काठाने दोन किलोमीटर आत जायचं, एक्सीटच्या पुलावरून पलीकडे आणि मग पुन्हा समुद्राकडे. नकाशावर हा वळसा अंगावर येतो, पण सपाट आहे आणि दिवसातला सगळ्यात निवांत भाग आहे. उजवीकडे जी नागमोडी वळणं दिसतात त्यांत आता नदी वाहत नाही. १८४०च्या दशकात पूर टाळण्यासाठी सरळ कालवा खोदला आणि जुनी वळणं साचल्या पाण्याची झाली. बगळे मात्र तिथेच येतात.

पुलापाशी मुख्य रस्त्यावर गाड्या वेगाने येतात, एका मागे एक चाला. पलीकडे सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्कचं माहिती केंद्र, खायची सोय, स्वच्छतागृह, पाणी, बसथांबा. बाटल्या भरा आणि घड्याळ बघा. इथे साडेबाराच्या आत असाल तर पुढे चला. दीड वाजून गेला असेल आणि महिना ऑक्टोबर ते मार्चमधला असेल तर बर्लिंग गॅपलाच थांबायचं असं आत्ताच ठरवा. ज्यांचा दिवस इथे पुरे झाला त्यांनी बस पकडून ईस्टबोर्नला समुद्रावर जाऊन बसावं, त्यात कमीपणा काही नाही. जेवण इथेच उरकू नका. पोटभर जेवून हेवन ब्राउ ही पहिली टेकडी चढणं ही शिक्षा आहे. एकेक पराठा खा, उरलेलं वर.

सात बहिणी

हेवन ब्राउ ही पहिली आणि सगळ्यात उंच, ७७ मीटर. तिच्या माथ्यावर डबे उघडा. मागे नदीचं मुख, पुढे पांढऱ्या कड्यांची लाट. मग शॉर्ट ब्राउ, रफ ब्राउ, ब्रास पॉइंट, फ्लॅगस्टाफ पॉइंट, बेलीज हिल, वेंट हिल. मोजायला बसलात तर आठ भरतील, कारण फ्लॅट हिल नावाची एक मध्ये आहे जिला बहिणींत धरत नाहीत. मोजणीवरून वाद होणारच, तेव्हा हे आधी सांगून टाका किंवा मुद्दाम सांगू नका.

टेकड्यांमधल्या खळग्यांत पाण्याचा थेंबही दिसत नाही, तरी ते खळगे पाण्यानेच कोरलेले आहेत. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी खडूत मुरत नव्हतं, वरून वाहायचं, त्याने या दऱ्या कापल्या. आता समुद्राने त्यांची तोंडं कापून टाकली म्हणून किनाऱ्याला हा वर-खाली आकार आला.

चालायची रीत सांगते. उतारावर धावू नका, गुडघे बीची हेडसाठी राखून ठेवा. चढावर छोटी पावलं, बोलता येईल इतक्याच वेगाने. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला. मुख्य पायवाट काही ठिकाणी कडेला फार लगटून जाते, तिथे आतल्या बाजूला दुसरी मळलेली वाट असतेच, ती धरा. फाटकं जशी सापडली तशी ठेवा, बंद असेल तर बंद करूनच पुढे. साडेचार किलोमीटरच्या या तुकड्याला दीड ते पावणेदोन तास.

बर्लिंग गॅप: दुसरा निर्णय

इथे कड्याच्या टोकाशी थोडी जुनी घरं उभी आहेत. रांग आधी लांब होती, समुद्र जवळ आला तसतशी टोकाची घरं पाडावी लागली. लोखंडी जिना असेल उघडा तर खाली किनाऱ्यावर जाता येतं. वादळांनंतर तो बंद ठेवतात. खाली गेलात तर कड्याच्या पायाशी टेकून बसू नका. गोट्यांत काळ्या चकमकीचे तुकडे दिसतील. खडूच्या थरांमधल्या काळ्या रेघा त्याच चकमकीच्या. बूट-मोजे काढून दहा मिनिटं पाय पाण्यात सोडायला ही चांगली जागा आहे, मात्र पुन्हा घालायच्या आधी पाय पूर्ण कोरडे करा, नाहीतर फोड नक्की.

चहा घ्या आणि एकेकाला विचारा. ‘सगळे ठीक ना?’ असं एकदम विचारलं तर सगळे हो म्हणतात. नाव घेऊन, बाजूला घेऊन विचारलं की खरं कळतं. पुढे सहा-सात किलोमीटर, एक लांब चढ आणि एक तीव्र उतार आहे. साडेतीनच्या आत इथून निघता आलं तर उत्तम.

बेल टूट, बीची हेड आणि खाली

गॅपमधून वर आलं की बेल टूटचं बुटकं दीपगृह. १८३४ला ते पेटलं, पण धुकं आलं की उंचावरचा दिवा जहाजांना दिसेना, आणि १९०२ला ते बंद करून खाली समुद्रातच नवं उभारलं. पुढे कडा सरकत सरकत याच्या भिंतीपर्यंत आला. १९९९ला सगळी इमारत, सुमारे ८५० टनांची, जॅकवर उचलून तुळयांवरून १७ मीटर आत ढकलली. आता तिथे राहण्याची सोय आहे. वाट तिच्या आतल्या बाजूने वळसा घेऊन जाते.

मग लांबलचक गवताळ चढ. दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा तुकडा हाच, कारण माथा आला आला म्हणता पुढे अजून एक माथा दिसतो. इथे मी मंडळींना भेंड्या सुरू करायला लावते. बीची हेड १६२ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा सागरी कडा. खाली लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं ४३ मीटर उंच दीपगृह वरून बुद्धिबळातल्या सोंगटीएवढं दिसतं. ते पट्टे पुन्हा रंगवायला पैसे नाहीत असं ठरलं तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि २०१३ला रंगकाम झालं. ते नीट दिसण्यासाठी कडेला जायची गरज नाही. थोडं पुढे, उतरणीला लागल्यावर मागे वळून बघा, जास्त चांगलं दिसतं.

माथ्याजवळ पब आहे, स्वच्छतागृहही. शेवटचा उतार गवताचा आणि खडा आहे. थकलेल्या पायांनी इथे घसरणं सोपं. तिरपं, नागमोडी उतरा. पायथ्याशी साउथ डाउन्स वेचा फलक आहे, तिथून समुद्रकाठच्या सपाट रस्त्याने ईस्टबोर्नच्या पिअरपर्यंत अडीच-तीन किलोमीटर आणि पुढे पंधरा मिनिटांवर स्टेशन. पाय अगदीच गेले असतील तर पायथ्याच्या रस्त्यावरून बस किंवा टॅक्सी. फिश अँड चिप्स पिअरजवळ मिळतात. शाकाहारी मंडळींनी तळण्याचं तेल वेगळं आहे का हे विचारून चिप्स घ्याव्यात, बऱ्याच ठिकाणी माशाच्याच कढईत तळतात.

आई-बाबा आले असतील तर

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि त्यांना कडे दाखवायचे असतात, पण २२ किलोमीटर चालवायचं नसतं. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा. ब्राइटन किंवा ईस्टबोर्नहून बसने एक्सीटला उतरा आणि नदीच्या पूर्वेकडच्या सपाट, पक्क्या वाटेने समुद्रापर्यंत जा. जायला दोन किलोमीटर, यायला दोन. वाटेत बसून घेता येतं, काठी चालते, बाबागाडीही चालते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हेवन ब्राउचा पांढरा कडा डावीकडे अगदी जवळून दिसतो. ज्यांना चढायचंय ते पटकन माथ्यावर जाऊन येतात, बाकीचे खाली गोट्यांवर चटई टाकून बसतात. कड्याच्या पायथ्यापासून लांब बसायचं, हे आजोबांनाही सांगावं लागतं, कारण सावली तिथेच असते.

परतीला १३एक्स चालू असेल तर ती बर्लिंग गॅप आणि बीची हेडवरून ईस्टबोर्नला जाते. वरच्या मजल्यावर समोरची जागा मिळवा. दिवसाचं तिकीट घेतलं तर मध्ये उतरून पुढची बस पकडता येते, फक्त शेवटची बस किती वाजता आहे ते चढतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या.